रत्नागिरी : एका बंदराची कहाणी

कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास उत्खनन झालें, तेव्हां जमिनींतून ज्या जुन्या वस्तु निघाल्या त्यांत कांशाची एक लहानशी मूर्ति होती. ती आपल्या देवदेवतांपैकीं कोणाची नव्हती; ग्रीक व रोमन लोकांचा समुद्रदेव पोसायडन याची ती मूर्ति होती. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या कांठीं हा परदेशी समुद्रदेव आला कसा? उत्तर सरळ आहे. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतहि पश्चिमेकडील माल गलबतांतून कोंकणच्या बंदरांत उतरत असे आणि तेथून घाट चढून देशावर येत असे. घाट आणि बंदर हीं दोन नांवें वेगवेगळीं असलीं तरी त्यांचें नशीब एकच असतें. घाट चढून माल वर गेला नाहीं तर बंदरांत गलबत कशाला लागेल, आणि बंदरांत गलबत लागलें नाहीं तर घाटांत बैल तरी कशाला चढतील?

कोल्हापूर, इचलकरंजी, कबनूर या बाजूच्या माणसास समुद्राची सर्वांत ओळखीची वाट म्हणजे आंबा घाटाची. ती उतरून सुमारें १३० किलोमीटर गेलें कीं रत्नागिरी लागते. लोकमान्यांचें जन्मस्थान आणि हापूस आंब्याचें गांव एवढ्या ओळखीवर पुष्कळ सुशिक्षित माणसें थांबतात. परंतु रत्नागिरीचा इतिहास याहून मोठा आहे, आणि तो समजावयाचा तर प्रथम तिच्या समुद्राकडे पाहिलें पाहिजे. हें शहर समुद्रानें वाढविलें, त्याचीं माणसें समुद्रानेंच दूर नेलीं, आणि पुढें समुद्राचा मार्ग बंद पडला तेव्हां त्याला जगण्याची दुसरी रीत शोधावी लागली.

नकाशा पुढें घेतला म्हणजे या ठिकाणाची घडण ध्यानांत येते. सह्याद्रीच्या बाजूनें वाहत आलेली काजळी नदी भाटें गांवाजवळ समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस राजिवडा आणि मांडवी या वस्त्या आहेत. त्यापुढें जमिनीचें एक टोंक समुद्रांत शिरून डोंगराच्या रूपानें उभें राहिलें आहे; त्याच्यावरच रत्नदुर्ग किल्ला आहे. किल्ल्याच्या उत्तरेस मिरकरवाड्याचें मच्छीमारी बंदर आणि त्याच्यापलीकडे मिऱ्याचा डोंगर. शहराचा वरचा भाग जांभ्या दगडाच्या सड्यावर वसलेला आहे. हा तांबडा, सच्छिद्र दगड खाणींतून काढतांना मऊ असतो आणि उघड्या हवेंत राहिला म्हणजे कठीण होतो. रत्नागिरीचीं घरें, गडगे, विहिरी आणि देवळें सर्व याच दगडाचीं. मांडवी या नांवांतच बंदराचा इतिहास सांठविलेला आहे. मांडवी म्हणजे जकातीचें ठाणें. मुंबईसहि गोदीच्या शेजारीं मांडवी आहे ती याच अर्थानें.

मध्ययुगांत मात्र रत्नागिरीचें नांव मोठ्या बंदरांत घेतलें जात नव्हतें. तो मान दाभोळ, चौल आणि राजापूर यांचा. दाभोळास बहामनी काळांत अरबस्तानांतून घोडे उतरत. राजापुरास इंग्रजांनीं वखार घातली होती, आणि त्या वखारीच्या इंग्रजांनीं १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहराला तोफांची मदत केली, म्हणून शिवाजी महाराजांनीं पुढच्याच सालीं राजापुरावर स्वारी करून वखारवाल्यांस कैद केलें. म्हणजे पन्हाळ्याखालीं धडाडलेल्या तोफांचा जाब एका बंदरास द्यावा लागला. घाटावरचें राजकारण आणि घाटाखालचा व्यापार यांचा संबंध किती निकट होता याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

रत्नदुर्ग बहामनी काळांत बांधला गेला असें सामान्यतः मानितात. पुढें तो विजापूरकरांकडे होता आणि १६७० सालीं शिवाजी महाराजांच्या ताब्यांत आला. महाराजांच्या मागून किनाऱ्याचें रक्षण आंग्र्यांच्या आरमाराकडे गेलें, आणि रत्नागिरीहि त्यांच्याच सत्तेखालीं आली. कान्होजी आंग्रे १७२९ मध्यें वारले. त्यांच्या मागें घरांत फूट पडली, तुळाजी आंग्रे व पेशवे यांचें वितुष्ट आलें आणि पेशव्यांनीं इंग्रजांची मदत घेतली. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या खाडींत आंग्र्यांचें आरमार जळालें. तुळाजीच्या पाडावानंतर रत्नागिरी पेशव्यांकडे आली, खरी. पण ज्या आरमाराच्या भीतीनें परकी जहाजें हा किनारा जपून ओलांडीत, तें पुन्हा तसें उभें राहिलें नाहीं. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली तेव्हां या किनाऱ्याचे किल्ले इंग्रजांनीं थोड्याच अवधींत घेतले. आरमार गेल्यावर समुद्रकांठचा किल्ला म्हणजे नुसता तट उरतो.

तो तट आजहि पाहण्यासारखा आहे. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. त्याचे तीन भाग पडतात. सर्वांत उंच बालेकिल्ला. त्यांत भगवतीचें देऊळ आहे आणि नवरात्रांत तेथें मोठी गर्दी जमते. खालच्या बाजूस पेठकिल्ला, आणि तिसरा दक्षिणेकडील भाग, जेथें १८६७ सालीं दीपगृह उभारलें गेलें. बालेकिल्ल्याच्या तटावर उभें राहिलें म्हणजे एका बाजूस मिरकरवाड्याच्या होड्या, दुसऱ्या बाजूस भाट्याची पुळण आणि समोर अथांग पाणी असें दृश्य दिसतें. मांडवीची वाळू काळसर आहे आणि भाट्याची पांढरी. शेजारशेजारच्या दोन किनाऱ्यांचा हा भेद पाहुण्यांना नेहमीं नवल वाटावयास लावतो.

शहर म्हणून रत्नागिरीचा उदय झाला तो इंग्रजी अमलांत, आणि तोहि एका साध्या सोयीमुळें. दक्षिण कोंकणचें मुख्य ठाणें पहिल्यानें बाणकोटास होतें. परंतु सावित्रीच्या मुखाशीं असलेलें बाणकोट जिल्ह्याच्या अगदीं उत्तर टोंकास पडे. तेथून मालवण-वेंगुर्ल्याचा कारभार पाहणें जड जाई. म्हणून १८२२ मध्यें कचेऱ्या मध्यवर्ती अशा रत्नागिरीस हलविल्या. या गोष्टीस दूरच्या एका देशांत जोड सांपडते. युरोपच्या उत्तरेस फिनलंड देश आहे. तो १८०९ सालीं स्वीडनकडून रशियाकडे गेला. जुनी राजधानी तुर्कू हें प्राचीन बंदर; पण तें स्वीडनच्या फार जवळ आहे म्हणून रशियाच्या बादशहानें १८१२ सालीं राजधानी हेलसिंकीस नेली. तेव्हां हेलसिंकी हें लहानसें बंदर होतें. आज तें त्या देशाचें सर्वांत मोठें शहर आहे. राज्यकर्त्यांच्या एका हुकमानें एक बंदर मागें पडावें आणि दुसरें पुढें यावें, हा प्रकार सर्व जगांत सारखाच आहे. बाणकोट आज खेडें आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्याची राजधानी.

कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून न्यायालय, तुरुंग, शाळा आणि नोकरदार वर्ग आला. १८७६ मध्यें नगरपालिका स्थापन झाली. याच शाळाखात्यांत गंगाधरपंत टिळक शिक्षक होते, आणि त्यांच्या घरीं २३ जुलै १८५६ रोजीं बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म झाला. १८६६ मध्यें वडिलांची बदली पुण्यास झाली आणि टिळकांचें पुढील आयुष्य देशावरच गेलें. तरी त्यांचें बालपण समुद्राच्या गाजेंत, जांभ्याच्या भिंतींच्या आणि कौलारू छपराच्या घरांत गेलें, हें विसरतां येत नाहीं. टिळक आळींतलें तें घर स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. माजघर, ओटी, मागील अंगण, विहीर अशी त्याची मांडणी असून मध्यमवर्गीय कोंकणी कुटुंब दीडशें वर्षांपूर्वीं कसें राहत असे तें पाहावयास दुसरें चांगलें ठिकाण नाहीं.

आतां बंदराच्या खऱ्या अडचणीकडे वळूं. रत्नागिरीचें बंदर उघडें आहे. ज्येष्ठाचा पाऊस सुरू झाला कीं नैर्ऋत्येचा वारा समुद्र खवळून सोडतो. वर्षाकाठीं तीनशें सेंटिमीटरांहून अधिक पाऊस येथें पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या काळांत गलबतें किनाऱ्यावर ओढून झापांनीं शाकारून ठेवीत, आगबोटी बंद होत, आणि नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ वाहिल्यावांचून कोणी नाव पाण्यांत लोटीत नसे. फिनलंडच्या बंदरांचीहि हीच दशा होती. मात्र तेथें पावसाऐवजीं बर्फ वाट अडवी. हिवाळ्यांत समुद्र गोठे आणि देशाचा व्यापार थांबे. त्या लोकांनीं यावर उपाय शोधला. देशाच्या दक्षिण टोंकास हांको नांवाचें ठिकाण आहे, तेथील समुद्र त्या मानानें कमी गोठतो. तेथें त्यांनीं आगगाडी नेली, बंदर बांधलें आणि १८९० सालीं बर्फ फोडणारी मुर्ताया नांवाची बोट आणली. रत्नागिरीस मात्र आगगाडी यावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडली. निसर्गाची अडचण दोन्हींकडे होती. पण एकीकडे तिच्यावर पैसा खर्च झाला, दुसरीकडे तो झाला नाहीं. या एका फरकांत पुष्कळ कांहीं आलें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई व गोवें यांच्या दरम्यान शेफर्ड कंपनीच्या आगबोटी फिरूं लागल्या आणि कोंकणच्या जीवनांत मोठी क्रांति झाली. पूर्वीं मुंबई म्हणजे गलबतानें वाऱ्याच्या मर्जीवर जावयाचें दूरचें गांव. आतां संध्याकाळीं निघून दुसऱ्या दिवशीं पोंचावयाचें. पुढें स्वदेशीच्या चळवळींत देशी भांडवलाची आगबोट कंपनीहि निघाली. लोक तिला आपुलकीनें 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. रत्नागिरीस आगबोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही आणि उतारू पडावांतून किंवा होडींतून तिच्यापर्यंत जात. लाटांवर होडी वरखालीं होत असतां म्हाताऱ्याकोताऱ्यांस, लेंकुरवाळ्या बायकांस आणि पेट्याबोचक्यांस वर चढविणें हें खलाशांचें मोठेंच कसब होतें.

या आगबोटींतून काय गेलें? आंबे गेले, नारळ गेले, सुकी मासळी गेली. पण सर्वांत अधिक गेलीं तीं माणसें. टिळकांचा जन्म झाला त्याच सुमारास मुंबईंत कापडाच्या गिरण्या उभ्या राहूं लागल्या होत्या. कोंकणची जमीन थोडी, कातळाची, आणि खाणारीं तोंडें पुष्कळ. घरटीं एक तरी पुरुष मुंबईस गेला. कोणी गिरणींत, कोणी गोदींत, कोणी पोलिसांत, कोणी लष्करांत लागला. जो मुंबईस राही तो चाकरमानी. त्याची मनिऑर्डर हीच घरची खरी शेती. गणपतीला व शिमग्याला तो परत येई. बायकामुलें मागें राहत आणि भातशेती बाईच्या माथ्यावर चाले. मांडवीच्या बंदरावर किती निरोप झाले असतील त्याचा हिशेब कोठेंहि लिहिलेला नाहीं. हांको बंदरांतून १८८० ते १९३० या अर्धशतकांत अडीच लाखांच्या घरांत फिनिश लोक अमेरिकेस गेले, आणि त्यांचें स्मारक त्या बंदरावर उभें आहे. मांडवीस तसें स्मारक नाहीं; पण परळ-लालबागच्या चाळी हेंच तिचें स्मारक म्हटलें तरी चालेल.

समुद्राचा हा प्रवास निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजीं, भर पावसाळ्यांत, मुंबईहून रेवसास निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ कलंडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. स्वातंत्र्यास एक महिना उरला असतां झालेला हा अपघात कोंकणच्या घराघरांतून कित्येक वर्षें सांगितला जात होता. तरीहि लोक बोटीनेंच जात राहिले, कारण दुसरा मार्ग म्हणजे घाटांतून मोटारीचा खडतर प्रवास. पुढें रस्ते सुधारले, एस्.टी.च्या गाड्या खेडोपाडीं पोंचल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बोटीची उतारू-वाहतूक आटत जाऊन शेवटीं बंद पडली.

मालाचा व्यापार तर त्याच्याहि आधीं आटला होता. त्याचें कारण कोंकणांत नसून घाटमाथ्यावर सांपडतें. देशावरचा गूळ, तंबाखू, मिरची, कापूस हा माल बैलांच्या पाठीवर आणि पुढें गाड्यांतून आंबा, अणस्कुरा व फोंडा या घाटांनीं खालीं उतरे. परत जातांना बैल मीठ, नारळ, सुकी मासळी आणि मुंबईचा माल घेऊन जात. परंतु देशावर आगगाडी आली आणि १८९१ मध्यें मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रूळ पडले. त्या दिवसापासून कोल्हापुरी गुळाचें तोंड पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरलें. कोल्हापूरच्या बाजारपेठेस जी गोष्ट भाग्याची ठरली तीच घाटाखालच्या बंदरांस घातक झाली. यांत कोणाची दुष्टाई नव्हती. व्यापारी माणूस स्वस्त आणि बारमाही वाट धरतो. चार महिने बंद राहणारें बंदर त्याला किती काळ धरून ठेवणार? राजापूर, वेंगुर्लें यांची तीच गति झाली. रत्नागिरी वांचली, कारण तिच्यापाशीं कचेऱ्या होत्या.

दूर, एका बाजूस पडलेलें आणि आगगाडी नसलेलें गांव म्हणून सरकारला रत्नागिरीचा एक निराळाच उपयोग दिसला. तो म्हणजे नको असलेल्या माणसांस ठेवण्याचा. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं मंडाले घेतलें आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत केलें. त्याला प्रथम मद्रासेस नेऊन १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीस आणलें. बरोबर राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण जी राजाची दुसरी राणी होती ती, आणि लहान मुली. धाकट्या राजकन्येचा जन्म तर रत्नागिरीसच झाला. आपलीं माणकें इंग्रज अधिकाऱ्यानें नेलीं तीं परत दिलीं नाहींत, अशी राजाची तक्रार अखेरपर्यंत होती. ती कोणी ऐकिली नाहीं. राजाला उत्पन्न ठरवून दिलें होतें आणि बाहेर जाण्यायेण्यावर निर्बंध होते. ज्याच्या पूर्वजांनीं मंडालें वसविलें त्याचें जग आतां एका टेकडीपुरतें उरलें.

त्याच्यासाठीं सरकारनें बांधलेला राजवाडा भाट्याच्या खाडीवरील उंच कड्यावर आहे. राजा १९१० मध्यें तेथें राहावयास गेला आणि १९१६ च्या डिसेंबरांत तेथेंच वारला. तांबड्या रंगाची ही तीन मजली इमारत उतरत्या छपरांची असून तिच्या लांकडी कमानींवर आणि अर्धवर्तुळाकार खिडक्यांवर कोरीव काम आहे. वरच्या सज्जांतून काजळीचें मुख, भाट्याचा पूल आणि समुद्र दिसतो. या सज्जांत बसून राजा बंदरांत येणाऱ्याजाणाऱ्या बोटी पाहत असे, असें रत्नागिरीकर सांगतात. राजवाड्यांत आतां संग्रहालय आहे. राजाचा देह मायदेशीं नेण्याची राणीची विनंति मान्य झाली नाहीं. १९१९ मध्यें रत्नागिरीसच त्याचें व दुसऱ्या राणीचें दफन झालें. त्याच वर्षीं राणी सुपयालत रंगूनला परत गेली आणि १९२५ मध्यें तेथें वारली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीस परत आली. इथल्याच मातींत तिनें संसार केला आणि १९४७ सालीं हलाखीच्या स्थितींत तिचा अंत झाला.

येथें इतिहासाची एक विलक्षण जोडगोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनीं १८५८ सालीं रंगूनला पाठविलें आणि तो १८६२ मध्यें तेथें वारला. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशच्या मातींत आणि ब्रह्मदेशचा राजा हिंदुस्थानच्या मातींत! समुद्राच्या दोन कांठांवरच्या या दोन कबरी एकाच साम्राज्याच्या नीतीची साक्ष देतात. १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१६ च्या डिसेंबरांत, म्यानमारचे उपाध्यक्ष व सरसेनापति राजाच्या समाधीस वंदन करण्यासाठीं रत्नागिरीस आले. शंभर वर्षें ज्या समाधीकडे तुरळक माणूस फिरके तेथें त्या दिवशीं एका देशाचे प्रतिनिधि हात जोडून उभे होते.

थिबाच्या मागून आणखी एक स्थानबद्ध पुरुष या शहरानें पाहिला. विनायक दामोदर सावरकर यांना १९२१ मध्यें अंदमानांतून आणून कांहीं काळ येथील तुरुंगांत ठेविलें होतें. १९२४ च्या जानेवारींत त्यांची सुटका झाली ती, रत्नागिरी जिल्हा सोडावयाचा नाहीं आणि राजकारणांत पडावयाचें नाहीं, या अटींवर. त्या अटी १९३७ पर्यंत चालल्या. गांधीजी १९२७ च्या मार्चांत रत्नागिरीस आले असतां सावरकरांच्या घरीं जाऊन त्यांस भेटले. राजकारणाचें दार बंद होतें म्हणून सावरकरांनीं अस्पृश्यतानिवारणाचें व सहभोजनांचें कार्य हातीं घेतलें. त्यांतून १९३१ च्या फेब्रुवारींत पतितपावन मंदिर उघडलें. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत मोकळा प्रवेश असलेलें लक्ष्मीनारायणाचें हें मंदिर त्या काळीं केवढी खळबळ उडवून गेलें असेल याची कल्पना आजच्या पिढीस येणें कठीण. पैसा दिला तो भागोजीशेठ कीर यांनीं. भागोजीशेठ रत्नागिरीच्या गरीब भंडारी कुटुंबांतले. मुंबईस जाऊन बांधकामाच्या धंद्यांत त्यांनीं अमाप पैसा मिळविला. दादरची स्मशानभूमीहि त्यांच्याच दानांतून उभी राहिली. आगबोटीनें मुंबईस गेलेल्या माणसानें आपल्या गांवास काय परत दिलें, याचें हें मंदिर म्हणजे ठळक उदाहरण आहे.

शहराच्या भोंवतालचीं ठिकाणेंहि चुकवूं नयेत. दक्षिणेस पावस येथें स्वामी स्वरूपानंद यांची समाधि आहे. ते १९७४ मध्यें समाधिस्थ झाले. उत्तरेस समुद्रास अगदीं लागून गणपतीपुळें, आणि त्याच्या शेजारीं मालगुंड हें केशवसुतांचें जन्मगांव. आधुनिक मराठी कवितेचा पाया घालणाऱ्या या शाळामास्तराच्या जन्मघराजवळ कोंकण मराठी साहित्य परिषदेनें १९९४ मध्यें स्मारक उभारलें. शहरांतच झाडगांवला मत्स्यसंशोधन केंद्राचें संग्रहालय आहे. तेथें समुद्रांतील जीवांचे नमुने आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहून मुलें हरखून जातात.

आज बंदराचें चैतन्य पाहावयाचें तर मिरकरवाड्यास जावें. मासेमारीच्या नौका बंदरांत आल्या कीं बांगडा, तारली, सुरमई, पापलेट यांच्या टोपल्या भराभर उतरतात आणि धक्क्यावरच लिलाव सुरू होतो. दालदी, खारवी, भंडारी या समाजांनीं हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या संभाळला. ज्यांचे पूर्वज आंग्र्यांच्या आरमारांत होते त्यांचेच वंशज कदाचित् या नौकांवर असतील. परंतु त्यांच्याहि वाटेंत संकटें आहेत. मासळी पूर्वींसारखी लाभत नाहीं, आणि मिऱ्याच्या किनाऱ्यावर समुद्र दर पावसाळ्यास जमीन खात चालला आहे. तेथें घातलेले दगडी बांध पुन्हापुन्हा ढासळतात, आणि किनाऱ्यालगतच्या घरांतील माणसें आषाढाच्या उधाणाच्या रात्रीं जागीं राहतात.

आगगाडीची शंभर वर्षांची वाट १९९८ च्या जानेवारींत संपली. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग त्या वेळीं सुरू झाला. रत्नागिरीच्या परिसरांत या मार्गाचें सर्वांत अवघड काम होतें. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे, आणि पानवल नदीवरचा पूल चौसष्ट मीटर उंच. चाकरमानी आतां गणपतीला गाडीनें येतो; मांडवीच्या धक्क्यावर त्याचें कोणी वाट पाहत नाहीं. आंबाहि गाडीनें व मालमोटारीनें जातो. हापूस हें नांव पोर्तुगीज सेनापति आल्फोन्सो द आल्बुकर्क याच्यावरून पडलें असें मानितात. २०१८ मध्यें कोंकणच्या हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे दुसरीकडच्या आंब्यास त्या नांवानें विकण्याची कायद्यानें मनाई झाली.

आणि मोठीं जहाजें? तीं पुन्हा येऊं लागलीं आहेत, पण रत्नागिरीस नव्हे. उत्तरेस शास्त्री नदीच्या मुखाशीं जयगड आहे. तेथें पाणी खोल आहे, आणि २००९ मध्यें तेथें खाजगी भांडवलाचें मोठें बंदर चालू झालें. रत्नागिरी–कोल्हापूर–नागपूर हा महामार्ग रुंद करण्याचें काम निघालें. कोल्हापूर–वैभववाडी या आगगाडीच्या मार्गास २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पांत मंजुरी मिळाली. घाट आणि बंदर यांची १८९१ मध्यें तुटलेली गांठ पुन्हा पडावी अशी ही खटपट आहे. ती पडली तर इचलकरंजीचें कापड आणि कोल्हापूरचा गूळ पुन्हा पश्चिमेच्या समुद्रावर जाईल. परंतु या खटपटींत किनाऱ्यावरच्या माणसाचा विचार झाला पाहिजे. गेल्या दोनशें वर्षांत या शहराविषयींचे मोठे निर्णय बहुधा दूरच्या ठिकाणीं झाले. कचेऱ्या आल्या त्या हुकमानें, राजा आला तो हुकमानें, आणि व्यापार गेला तो परक्या भांडवलाच्या रुळांवरून. मच्छीमाराची होडी, आंब्याची बाग आणि खाडीचें पाणी यांस धक्का न लावतां बंदर वाढवावयाचें असेल तर निदान या वेळीं तरी मिरकरवाड्याच्या आणि मिऱ्याच्या माणसांस विचारूनच तें वाढवावें लागेल.